कमळाकरमामांची खुर्ची

गव्हाणचे कमळाकरमामा हयातभर वरातीपुढे ट्रम्पेट वाजवत चालले. आता डॉक्टर त्यांचे पुढचे दात काढणार होता, आणि दात गेले की ट्रम्पेटही गेला. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. "एकदा खुर्चीत बसून वाजवायचंय. समोर मान्सं गप बसलेली पायजेत. नाचनारं कुनी नको."

हे त्यांनी मला सांगितलं, यावरून त्यांचं नशीब कळेल. शाळेने मला तबल्यावरून पेटीवर आणि पेटीवरून घरी पाठवलं होतं. पण २०१२ साली घरात कॉम्प्युटर आला आणि मी स्वतःला अरेंजर म्हणवू लागलो. पनवेलच्या एका बालमहोत्सवासाठी मी कार्टून सिनेमाचं संगीत ऑर्केस्ट्रावर बसवायला घेतलं. ऑर्केस्ट्रा म्हणजे मामांचा बँड आणि व्हायोलिनवाल्या दोन मुली. कासवाचं पिल्लू वाळूतून समुद्राकडे निघतं, तिथे मामांचा सोलो.

तालमी मामांच्या पडवीत झाल्या. तिथे उठायलाही जागा नव्हती, म्हणून सगळे बसून वाजवत. मला वाटलं, माझा दरारा.

कार्यक्रमाला मी काळा कोट भाड्याने आणला. मिळाला तो नवरदेवाचा. मी हात उचलले. कासव निघालं. मामांनी डोळे मिटले, उठले आणि चालू लागले. ट्रम्पेट चालला की बँडने मागे जायचं, हा वरातीचा नियम. ढोल, ताशे, झांजा, सगळे पायऱ्या उतरून, प्रेक्षकांमधून थेट दाराबाहेर. पोरं नाचत मागे. मी रिकाम्या खुर्च्यांना ताल देत राहिलो. व्हायोलिनवाल्या मुली हसत होत्या. म्हणजे तेवढ्या तरी माझ्याकडे बघत होत्या.

धावत बाहेर गेलो. मामांनी डोळे उघडले तर समोर रिक्षा स्टँड. "गेली रं माजी खुर्ची," ते पुटपुटले.

त्यांच्या बायकोने, गुणाबाईंनी, त्यांचा दंड पकडला. "चला माघारी. दात हायेत ना अजून तोंडात?" मग माझ्याकडे वळून, "आन् तू रं कोटवाल्या, हवेत हात काय हलवतोस? यांचं पाय धर!"

धरले. मंचावर परतून, मामांच्या खुर्चीपुढे मांडी घालून, दोन्ही हातांनी घट्ट. शिष्य गुरूच्या पाया पडतोय असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे गप्प झाले. माझ्या मुठीत मामांचे पाय चालायला धडपडत होते, आणि वर त्यांच्या ट्रम्पेटमधून कासव सावकाश समुद्राला पोचलं.

बँडवाले वाद्यं आवरू लागले. मामा हलेनात.

"मामा, झालं."

"माईत हाय रं. बसू दे जरा."