काटा पन्नासच्या आत

गाडी सुरू करण्याआधी चाचा बॉनेटवर तळहात टेकवून क्षणभर डोळे मिटायचे. आई पोराचा ताप बघते तसे. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, “बसा सिस्टर. पण घाई नाही कराची. इंजिन कच्चं हाय अजून.”

मी नर्स. मागच्या बाकावर पेशंटशेजारी बसणारी. घाई मला नसायची, पेशंटला असायची. पण हे चाचांना कोण सांगणार?

तेल्हाऱ्याच्या अलीकडे एका खेड्यात आमच्या डॉक्टरांचा लहानसा खाजगी दवाखाना होता. मी अमरावतीची, लग्न होऊन तिकडे गेलेली आणि तोंडाने फटकळ. चाचा डॉक्टरांचे ड्रायव्हर. साठीला टेकलेले, दाढी मेंदीने लाल. ज्या दिवशी दारात नवी कोरी जीप आली, त्या दिवशी डॉक्टरांनी पेढे वाटले, गावातल्या बायांनी तिला हळदकुंकू लावलं, आणि चाचांना मात्र घाम फुटला.

त्याला कारण होतं. आधीची जीप डॉक्टरांनी नवी असताना मेहुण्याच्या लग्नाला नागपूरला नेली होती. सगळं वऱ्हाड आत कोंबून, जाताना-येताना ॲक्सिलरेटर दाबून धरून. तेव्हाच तिचं काळीज फाटलं, असं चाचांचं ठाम मत. खरंखोटं त्या इंजिनालाच ठाऊक. पण पुढे एकदा एका अडलेल्या बाईला अकोल्याला नेताना ते इंजिन भर रस्त्यात जाम झालं. आजूबाजूला नुसती काळी वावरं. चाचांनी बॉनेट उघडलं, पाणी ओतलं, धक्का मारला, शेवटी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. एक ट्रक थांबला. बाई वाचली, बाळ वाचलं नाही. तेव्हापासून गाडीचा आवाज जरा बदलला की चाचांचा चेहरा उतरायचा.

म्हणून नव्या जिपेचे पहिले हजार किलोमीटर त्यांनी व्रतासारखे धरले. सकाळी उठून रिकामी जीप घेऊन निघायचे. डॉक्टर डिझेलच्या नावाने कुरकुरायचे, गाव हसायचं. एकदा मी औषधं आणायला बरोबर होते, तर मागून मोपेडवर दूधवाला आला. कॅन वाजवत पुढे गेला आणि वळून ओरडला, “चाचा, धक्का मारू का?”

मला शरमच वाटली. म्हटलं, “चाचा, पन्नासच्या वर गेलं तर काय पोलीस धरतील?”

“धरनार नाही. पन आतले पार्ट अजून एकमेकाले ओळखत नाहीत, सिस्टर. नवरा-नवरी नवे असले म्हनजे कसं? दमादमानं घ्या लागते.” आणि हे म्हणतानाच त्यांनी वेग चाळीसवर आणला, मग पुन्हा पंचेचाळीसवर. “एकाच चालीनं बी ठेवाची नाही. थोडी चढवाची, थोडी उतरवाची. वरच्या गेरमंदी रडवाची नाही. कचकन ब्रेक नाही.”

“आणि पेशंट आला तर?”

त्यांनी काटा पुन्हा चाळीसवर आणला. मग म्हणाले, “हजार होईपर्यंत येऊ नये. मी रोज तेच मागून राहिलो.”

पण ते दिवस तसे मागणं ऐकणारे नव्हते. तुम्ही त्या काळात वऱ्हाडात राहिला असाल तर तुम्हाला सांगायला नको. एखाद्या घरासमोर चार माणसं उभी दिसली तरी आणखी एका शेतकऱ्याने जीव दिला की काय, असं वाटायचं. त्यात कपाशीवर फवारणीचे दिवस. विषबाधेचा पेशंट आला की हे फवारताना लागलं की प्यायलेलं, हे विचारायला जीभ रेटायची नाही. विचारलं तरी नातेवाईक खाली बघायचे.

हजार अजून अर्धेही झाले नव्हते, तेव्हा तो आला. तिशीचा असेल. बैलगाडीत घालून आणला होता. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, श्वास केव्हाही थांबेल, इथे मशीन नाही, अकोल्याला पळवा. मी सलाईन धरून मागे बसले. त्याची बायको त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली.

चाचांनी बॉनेटवर हात ठेवला नाही. थेट सुटले. पण काटा पन्नासवर गेला आणि तिथेच थांबला.

मी मागून काटा बघत होते. पेशंटचा श्वास अडकत होता, मध्येच घरघर बंद व्हायची, मी छाती चोळायची, पुन्हा सुरू व्हायची. मी ओरडले, “चाचा, पळवा!”

“बंद पडली तं?” ते पुढे बघूनच म्हणाले. त्यांची मान ताठ झाली होती. “सिस्टर, मंधात बंद पडली तं?”

“नाही पडत! पळवा!”

काटा हलला नाही. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मला पेशंटची भीती, त्यांना गाडीची भीती. तोपर्यंत ती बाई एक अक्षर बोलली नव्हती. आता ती पुढच्या सीटकडे वाकली आणि अगदी हळू, चोरी पकडली गेल्यासारखी म्हणाली, “चाचा, यायनं पेलं नाही जी. तुमाले वाटत असन, पेला मानूस हाय, कायले घाई कराची. पन खरंच पेलं नाही. फवारता फवारताच लागलं. पोराची आन.”

ती काय समजली होती हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. चाचांना बहुधा लगेच कळलं.

“तौबा तौबा,” एवढंच ते बोलले. आणि जीप अशी उसळली की सलाईनची बाटली माझ्या हातातून सुटता सुटता राहिली. काटा सत्तर, ऐंशी, आणखी वर. इंजिन किंचाळत होतं. आता मला दोन्ही भीत्या एकदम वाटायला लागल्या. पेशंट जाईल ही, आणि जीप थांबेल ही. चाचा मोठ्याने दुआ म्हणत होते आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. मशीन लागलं. तो वाचला.

मी बाहेर आले तर चाचा जिपेच्या चाकाशी उकिडवे बसलेले. मला वाटलं, इंजिनासाठी झुरत असतील. म्हटलं, “काही होत नाही तुमच्या इंजिनाला.”

“इंजिनाचं नाही, सिस्टर. त्या बाईनं तसं म्हटलं नसतं, तं मी पन्नासवरच ठेवली असती.” ते हातांकडे बघत होते. “माह्यं मलेच भेव लागून राहिलं.”

मला त्या वेळी त्यांचा फार राग आला होता आणि फार मायाही आली. दोन्ही एकदम. मी चहा आणून दिला.

जीप कधी बंद पडली नाही. हजार झाल्यावर ऑइल बदललं तेव्हा चाचांनी जुनं ऑइल बोटांत चोळून उन्हात धरून पाहिलं, लोखंडाचा कीस येतो का. आला नाही. तरी पेशंट मागे असला की आता ते मलाच सांगायचे, “सिस्टर, मी हळू चाललो वाटलं तं शिव्या द्या.” आणि त्या माणसाच्या गावावरून जायचं सोडून दिलं. अकोल्याला जायचं तर वावरांमधल्या कच्च्या पांदणीने धुळीचा फेरा घ्यायचे. त्याच्या घरासमोर माणसं जमलेली दिसली तर काय, असं एकदा बोलून गेले.

शेवटी त्यांनी नोकरी सोडली. लेक वलगावला दिलेली, तिच्याकडे राहायला जाणार होते. शेवटच्या दिवशी आम्ही औषधं आणायला अकोल्याला निघालो, तर जीप सरळ त्या गावच्या रस्त्याला लागली. रस्त्याला लागूनच त्या माणसाचं वावर होतं. चाचांनी वेग कमी केला. नजर मात्र समोरून हलवली नाही.

“दिसते का?” त्यांनी विचारलं.

“दिसतोय.”

“खरं सांगता ना?”

“खरंच. उभा आहे. चांगला आहे.”

त्यांनी एकदम मोठा श्वास सोडला आणि गाडी पुढे नेली. तो खरंच उभा होता. कपाशीत, कमरेएवढ्या हिरव्यात, पाठीवर पंप घेऊन फवारत होता. वारा त्याच्याच दिशेने वाहत होता आणि तोंडाला फडका नव्हता.