वॉल्टरची डावी भुवई

“छान दिसतोय पोरगा,” डोरोथीबाई म्हणाल्या. “कोण हा?”

व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे कॅनडातल्या एका वृद्धाश्रमाचं जेवणघर, सकाळची वेळ. अलीकडे नेदरलँड्सच्या पूर्वेला कॅनेडियन सैनिकांची दफनभूमी आहे, तिच्याशेजारच्या छोट्या माहिती केंद्रात मी आणि तिनेकेबाई. स्क्रीनवर मी मोठ्या दिमाखात डोरोथीबाईंच्या भावाचा फोटो लावला होता. वॉल्टर. बाविसाव्या वर्षी इथल्या एका कालव्याच्या काठावर गेला. दुसरं महायुद्ध संपायला थोडेच दिवस उरले होते.

मी समजूत घालण्याच्या सुरात म्हणालो, “मॅडम, हा वॉल्टर. तुमचा भाऊ.”

“मी शहाण्णव वर्षांची आहे, आंधळी नाही. वॉल्टरच्या डाव्या भुवईत खोक होती. मीच पाडली होती, दगड मारून. ती कुठे गेली?”

ती कुठे गेली ते मला त्याच क्षणी कळलं. ती मी पुसली होती.

आता मी तिथे कसा, ते सांगतो. मी मूळचा पुण्याचा, राहतो झूटरमेरला, कामाला अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागात, एका कन्सल्टन्सीत. डेटा इंजिनिअर. म्हणजे लोकांची माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो आणि वाटेत थोडी सांडतो. त्या वेळी मी बेंचवर होतो. बेंचवर असणं म्हणजे पगार चालू, काम नाही. ऐकायला स्वर्ग वाटतो. प्रत्यक्षात मॅनेजर आपल्याकडे लग्न न जमलेल्या भाच्याकडे बघावं तसा बघतो. माझा मॅनेजर मार्टेन. एके दिवशी तो माझ्या टेबलाशी आला.

“एक छोटी संस्था आहे, सगळे रिटायर्ड लोक. त्यांची वेबसाइट नवीन करायची आहे, मोफत. तुला इतिहास आवडतो ना?”

“खूप,” मी म्हणालो. शाळेत मला इतिहासात पस्तीस मार्क होते.

संस्थेचं काम मात्र गंभीर होतं. थडग्याच्या दगडावर नाव, नंबर आणि वय, एवढंच असतं. हा माणूस कुठे वाढला, काय काम करायचा, कोणाला पत्रं लिहायचा, हे सगळं शोधून ही मंडळी प्रत्येकाचं एक पान तयार करतात. तिनेकेबाई त्यांच्या म्होरक्या. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि अजूनही समोरचा गृहपाठ न करता आलाय असं धरून बोलतात. येत्या मे महिन्यात पहिल्यांदाच प्रत्येक थडग्यापुढे त्या त्या सैनिकाच्या फोटोचा बोर्ड उभा करायचा होता. डोरोथीबाईंचा कॉल झाला तेव्हा ते बोर्ड छापायला जायला तीन आठवडे उरले होते.

मला फक्त सगळं जुन्या साइटवरून नव्या साइटवर हलवायचं होतं. पण फोटो बघून माझा हात शिवशिवला. कोणाच्या चेहऱ्यावर घडी, कोणावर ओरखडा, कोणावर शाईचा डाग. ते साफ करायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. हे वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं, आणि दर वेळी ते माझ्यावरच उलटलं.

फोटो दुरुस्त करणारं एक सॉफ्टवेअर मी बॅचमध्ये लावलं. बॅच म्हणजे बटण एकदा दाबायचं आणि हजारभर फोटोंवर तेच काम आपोआप होऊ द्यायचं. वर साफ झालेला फोटो मी जुन्याच नावाने, जुन्याच जागी सेव्ह केला. याला ओव्हरराइट म्हणतात. नवा आला की जुना गेला. प्रत्येकाचे दोन-दोन फोटो ठेवणं मला गबाळेपणाचं वाटलं होतं.

डेमोच्या दिवशी तिनेकेबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “सगळे विमा विकणाऱ्यांसारखे दिसायला लागलेत.” मी ते कौतुक म्हणून घेतलं.

सॉफ्टवेअरची चूक काही नव्हती. चेहऱ्यावर बारीक पांढरी रेघ दिसली की ती कागदाची घडी, एवढंच त्याला शिकवलेलं. भुवईतून गेलेली रेघ कागदाची की कातडीची, हे ते विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

“मूळ फोटो पुन्हा पाठवाल का?” मी डोरोथीबाईंना विचारलं.

“माझ्या तळघरात पाणी शिरलं, अल्बमचा लगदा झाला. त्याआधी स्कॅन करून तुमच्याकडे पाठवला, हे नशीब म्हणत होते मी. आता तो तुमच्याकडेच आहे.” मग म्हणाल्या, “मेमध्ये माझी नात येणार आहे तिथे. मला प्रवास झेपत नाही. ती मला फोनवर दाखवणार आहे. तोपर्यंत तो वॉल्टर झालेला असू दे.”

कॉल संपला. तिनेकेबाईंनी विचारलं, “बॅकअप?”

“तीस दिवस राहतो. मग आपोआप पुसला जातो.”

“तू ते साफ कधी केलंस?”

“दीड महिन्यापूर्वी.”

“आणि तीस दिवस कोणी ठरवले?”

“मी.”

त्या उठल्या, कॉफी ओतली. फक्त स्वतःला.

मी मार्टेनला फोन लावला. तो म्हणाला, “खाली ‘डिजिटल दुरुस्ती केलेला फोटो’ अशी एक ओळ टाक. सोमवारपासून बँकेचं काम आलंय.”

“एकाच फोटोचं नाही रे. हजारभर चेहरे आहेत. कोणाचं काय पुसलं गेलं, मला माहीत नाही.”

“मग काय करणार?”

“दोन आठवडे सुट्टी टाकतो.”

“दफनभूमीत?”

“हो.”

“लोक साधारण स्पेनला जातात,” मार्टेन म्हणाला आणि सुट्टी मंजूर केली.

घरी मृणालने, म्हणजे बायकोने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती इथल्या एका दातांच्या दवाखान्यात काम करते. दुसऱ्याच्या तोंडातल्या चुका न ओरडता बघायची तिला सवय आहे. “आपल्या लग्नाच्या फोटोंवर नाही ना फिरवलंस ते?” तिने विचारलं.

“छे.”

“नक्की?”

मी उठून बघून आलो. नक्की.

पहिले दोन दिवस मी नुसता फोटोंकडे बघत बसलो. अडचण अशी, की जे पुसलं गेलंय ते दिसतच नाही. मूळ फोटो जुन्या साइटवरही उरले नाहीत, तर तुलना कशाशी करायची? सगळ्यांच्या घरी विचारावं, तर निम्म्यांच्या घरी आता कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये मला माझा स्वतःचा तीळ आठवला. आपल्याकडे सरकारी फॉर्म म्हटला की त्यात ओळखीची खूण विचारतात. लहानपणी एका ऑफिसात क्लार्कने ती विचारली आणि बाबांना सांगता येईना. मग त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन उजेडात उलटसुलट फिरवलं, आणि शेवटी उजव्या कानामागे एक तीळ सापडला. मी स्वतः तो तीळ आजवर पाहिलेला नाही. पण तीन सरकारी कागदांवर मी त्याच्याच भरवशावर मी आहे.

केंद्रात पोचल्या पोचल्या मी तिनेकेबाईंना म्हणालो, “सैन्यात भरती करताना यांची ओळखीची खूण लिहून घेतली असेल.”

“कशाला? नाव आहे, जन्मतारीख आहे.”

“तिनेके, सरकार जगात कुठलंही असो, त्याचा नावावर विश्वास नसतो.”

त्यांनी मान हलवत वॉल्टरची फाइल उघडली. या सैनिकांची कागदपत्रं संस्थेने आधीच मिळवून ठेवली होती, त्यांच्यावरूनच पानं लिहितात. भरतीच्या वेळच्या डॉक्टरी तपासणीचा एक कागद होता. उंची, वजन, दात. खाली एक ओळ: डाव्या भुवईत एक इंचाचा व्रण, लहानपणी फाटकाची फळी लागून.

“फाटक?” तिनेकेबाई म्हणाल्या. “ती तर दगड म्हणाली.”

मग आमच्या लक्षात आलं. सहा-सात वर्षांच्या बहिणीने दगड मारला. भावाने घरी सांगितलं, फाटक लागलं. आणि पुढे एकोणिसाव्या वर्षी, घरापासून लांब, एका अनोळखी डॉक्टरने विचारलं तेव्हाही पठ्ठ्याने फाटकच सांगितलं.

या वेळी तिनेकेबाईंनी मलाही कॉफी दिली.

त्यांनी कॅनडाला फोन करून ती ओळ वाचून दाखवली. डोरोथीबाईंनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, “आई गेली तोपर्यंत फाटकच समजत होती. तुमच्या पानावर दगड लिहा. आता मला कोण ओरडणार?”

मग काम सुरू झालं. सात स्वयंसेवक, एक लांब टेबल, हजारभर फाइली. एकाने खूण वाचायची, मी स्क्रीनवर चेहरा काढून बघायचा. दिवसातून दोनदा कॉफी, कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. पहिल्या दिवशी मी दुसरं उचललं, तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली ती डोरोथीबाईंच्या कॉलमध्येही नव्हती.

“उजव्या गालावर भाजल्याचा डाग. भट्टी,” कोणीतरी वाचायचं. तो बेकरीवाल्याचा मुलगा. स्क्रीनवर त्याचा गाल लोण्यासारखा. यादीत घ्या. “हनुवटीवर व्रण. बर्फावरची घसरगाडी.” घ्या. “नाक दोनदा मोडलेलं.” हा लाकूडतोड्या. त्याचं नाक सॉफ्टवेअरलाही सरळ करता आलं नव्हतं, याचा मला फार आनंद झाला. एकाच्या ओठावर तीळ होता. बायकोला लिहिलेल्या पत्रात त्याने विचारलं होतं, की मुलीला माझा तीळ आलाय का. मी त्या तिळाला शाईचा ठिपका समजून नाहीसा केला होता. त्या दिवशी मी बिस्किट घेतलं नाही. अधूनमधून कोणाच्या तरी कागदावर ‘खूण नाही’ असं निघायचं. मग तिनेकेबाई हळहळायच्या, जणू त्या पोराची आबाळच झाली होती.

जे यादीत आले, त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी कोणी उरलं होतं त्यांना आम्ही ईमेल केले. बहुतेकांकडे फोटो होता, त्यांनी तो पुन्हा पाठवला. त्यात माझ्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळीच. नवी साइट बऱ्याच जणांनी आधीच पाहिली होती. एकाने लिहिलं, “काका जरा वेगळे वाटले, पण तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, म्हणून बोललो नाही.” या सभ्य लोकांनी परक्याला वाईट वाटू नये म्हणून आपला माणूस बदललेला चालवून घेतला होता. डोरोथीबाई तेवढ्या भांडल्या.

आणि नेमका त्यांचाच फोटो मिळेना. छपाईला पाच दिवस उरले. वॉल्टर गेल्याची बातमी गावच्या वर्तमानपत्रात आली होती, तिच्यातला फोटो मिळाला. मोठा केला की भुवई सोडा, डोळेही ठिपक्यांत विरघळत होते.

“दत्तक कोणी घेतलंय त्याला?” तिनेकेबाईंनी अचानक विचारलं.

इथे थडगी दत्तक घेतात. युद्धानंतर आसपासच्या घरांनी एकेक सैनिक आपला मानला. फुलं नेतात, वाढदिवस लक्षात ठेवतात. आई थकली की मुलगा जातो. रजिस्टरमध्ये वॉल्टरपुढे हेंक नावाच्या शेतकऱ्याचा पत्ता होता. फोन तो उचलत नव्हता. मी ट्रेनने त्याच्या घराजवळच्या स्टेशनला गेलो, तिथे भाड्याची सायकल घेतली. या देशात वारा नेहमी समोरून येतो. परत येतानाही.

दार उघडून हेंक म्हणाला, “मला काही घ्यायचं नाही.”

“मी विकायला आलो नाही. वॉल्टरसाठी आलोय.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आत ये. बूट काढ.”

बैठकीच्या खोलीत एक कपाट. त्यावर नातवंडांचे फोटो, बक्षिसाची फीत लावलेली एक गाय, आणि मधोमध वॉल्टर. डावी भुवई दुभागलेली, मधल्या पट्टीत केस नाहीत. युद्धानंतर हेंकच्या आईने वॉल्टरच्या आईला पत्र लिहिलं होतं. उत्तरात हा फोटो आला होता.

मी माझा गुन्हा कबूल केला. मग विचारलं, “दोन दिवसांसाठी नेऊ का?”

“नाही.”

“उद्या परत आणतो.”

“माझी आई मरेपर्यंत दर शनिवारी हा फोटो पुसायची,” हेंक म्हणाला. “काच पुसायची. आतल्या माणसाला तिने कधी हात लावला नाही.”

पाठपिशवीत छोटा स्कॅनर होता, तो मी जेवणाच्या टेबलावर मांडला. हेंकने स्वतः फ्रेमचे खिळे काढले, स्वतः फोटो स्कॅनरच्या काचेवर ठेवला. खुर्चीवरून उठण्याआधी मी तो तीन ठिकाणी सेव्ह केला.

“किती झाले?” हेंकने विचारलं.

“तीन.”

“अजून एक कर. तुझा काय भरवसा?”

चार केले.

मेमध्ये डोरोथीबाईंची नात आली. आभाळ स्वच्छ होतं, सगळ्या थडग्यांपुढे बोर्ड उभे होते. बऱ्याच चेहऱ्यांवर पुन्हा घड्या, डाग, ओरखडे. नातीने फोन वॉल्टरच्या फोटोसमोर धरला. मी, तिनेकेबाई आणि धुतलेल्या शर्टातला हेंक मागे उभे.

“जवळ ने,” फोनमधून आवाज आला. “अजून जवळ.”

नातीने फोन भुवईला टेकवायचाच बाकी ठेवला.

“हां. वॉल्टर.” मग आवाज जरा बारीक झाला. “एवढीशीच होती होय? मला वाटत होतं, केवढी मोठी पाडली मी.”

सोमवारी ऑफिसला गेलो. मार्टेनला प्रत्येक प्रोजेक्टनंतर ‘लेसन्स लर्न्ड’ची एक स्लाइड लागते. मी लिहिलं: कोणाचा चेहरा साफ करण्याआधी, तो मळलेला आहे का, हे त्याच्या घरी विचारावं.

मार्टेनने वाचलं. “छान आहे. पण बँक यातून काय घेणार?”

मी ते खोडून लिहिलं: मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नये. ती स्लाइड लगेच पास झाली.