सावत्र आईचं शेवटचं गाणं

"तुम्हाला तालमीची काय गरज? जशा आहात तशा स्टेजवर या," असं वहिनी म्हणाल्या आणि खोलीतल्या बायका हसल्या. पदराआड मावेल एवढंच ते हसू होतं. पण कोण हसलं, ते मी पाहून ठेवलं.

गणपतीत मराठी मंडळाचं संगीत बालनाट्य व्हायचं, त्याच्या कामांचं वाटप चाललं होतं. गोष्ट आपली नेहमीचीच. दुष्ट सावत्र आई पोरीला शिळी भाकरी देते, विहिरीवरून पाणी आणायला लावते आणि एक दिवस रानात हाकलून देते. पोरीला वनदेवी भेटते, प्रेमळ शेजारीण तिला लेक म्हणून घरी नेते आणि सावत्र आईचं घुबड होतं. नाटक वहिनींनी लिहिलं होतं आणि बसवणारही त्याच होत्या. प्रेमळ शेजारीण त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. सावत्र आई मला दिली. आणि अनाथ पोरीचं काम माझ्या मुलीला दिलं. म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या मुलीला.

खरी सावत्र आई आणि खरी सावत्र मुलगी. गावाला आणखी काय पाहिजे?

मी छत्तिसाव्या वर्षी लग्न करून जयपूरला आले. अमरावतीला शाळेत गाणं शिकवत होते. लग्न होईल असं घरच्यांना वाटत नव्हतं, मलाही नाही. हे विमा कंपनीत अधिकारी, जयपूरला बदलून आलेले. पहिली बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी बाराची. मालवीय नगरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर होतं, पहिल्यावर घरमालकीण आणि तळाला कोचिंग क्लास. दिवसभर मुलांच्या स्कूटर लागायच्या आणि निघायच्या.

वहिनी म्हणजे एका मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी. सगळं मंडळ त्यांना वहिनीच म्हणायचं. मूळच्या पुण्याच्या, घर तिलक नगरात. ह्यांची पहिली बायको त्यांची जिवलग मैत्रीण होती. मी पहिल्यांदा मंडळात गेले तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "प्रवास कसा झाला?"

मी म्हटलं, "चांगला झाला. दोन दिवसांपासून सामानच लावून राहिले."

"लावून राहिले!" त्या शेजारच्या बाईकडे वळून म्हणाल्या. "किती गोड ना?" त्यानंतर महिनाभर मंडळातल्या बायका माझ्यासमोर करून राहिल्या, येऊन राहिल्या, जाऊन राहिल्या. बोलीवरून हसणाऱ्याला उत्तर त्याच बोलीत देता येतं, पण त्यासाठी वेळ यावी लागते.

खरी आग लागली ती उन्हाळ्यात. मुलीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्नाचा वास सहन होईना. ह्यांना ऑफिसचे दौरे होते. डॉक्टरांनी सांगितलं तेल नको, तूप नको, तिखट नको. मी तिला पेज द्यायची, उकडलेला दुधी द्यायची, उसाचा रस घरी आणून गाळून द्यायची. बाहेर लू, आत कूलरची घरघर, आणि ती माझ्याकडे पाठ करून पडलेली. पेज तोंडाशी नेली की म्हणायची, "नको, मुझे नहीं खाना." मग मी वाटी धरून बसायची. कधी अर्धा तास, कधी जास्त. शेवटी ती खायची. माझ्याकडे न बघता खायची, पण खायची.

एका दुपारी वहिनी आल्या. हातात फळं नव्हती की काही नव्हतं. पाच मिनिटं बसल्या. ताटात पांढराफटक दुधी बघितला, पोरीच्या हाताच्या काड्या बघितल्या आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात सगळीकडे झालं, "पोरीला नुसतं उकडलेलं घालते हो. मीठसुद्धा धड नाही. आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

डॉक्टरांच्या घरात राहणारी बाई! काविळीत काय खायला देतात हे तिला माहीत नव्हतं असं कोणी सांगितलं तर मी आजही मानणार नाही. तिला माहीत होतं. माहीत असून बोलली.

पुढे एका हळदीकुंकवाला वहिनींनी मुलीला सगळ्यांच्या देखत जवळ ओढलं. "खरं सांग हं राणी, घरी जेवायला मिळतं ना पोटभर?" मुलगी खाली बघत राहिली. तिला मराठीत लवकर शब्द सुचत नसत. घरी बापलेक हिंदीतच बोलायचे. पण त्या गप्प बसण्याचा अर्थ बायकांनी आपापला लावून घेतला. परत येताना सिटी बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते, आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं. बाई, तुला मी सोडणार नाही.

म्हणून नाटकातलं काम दिलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

ह्यांना घरी सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे गं. नाटक आहे. मुलांचा कार्यक्रम."

"तुमच्या मुलीला माझ्या हातचा मार खाताना गाव पाहणार आहे."

"मतलब... तू नाही म्हणायचं होतंस मग."

"काहून? मला करायचंच आहे."

तालमी वहिनींच्या दिवाणखान्यात व्हायच्या. मी सांगितलं तसं केलं, सांगितल्यापेक्षा जास्तच केलं. डोळे वटारले, कंबरेवर हात ठेवले, खालच्या पट्टीत घसा खरवडून गायले:

काळी मी, कजाग मी,
दूध तिला ना साय,
दारी रडते पोर परकी
मला त्याचं काय!

वहिनी टाळ्या वाजवायच्या. "बघा, किती नैसर्गिक!" पुन्हा ते पदराआडचं हसू. पेटीवर एक प्राध्यापक बसायचे, नागपूरचे, विद्यापीठात शिकवायचे. ते कधी हसले नाहीत. एकदा जिन्यात मला म्हणाले, "तुमचा आवाज असा नाही. तुम्ही मुद्दाम फाडून गाता."

"फाडूनच पाहिजे आहे त्यांना, सर."

"अन् तुम्हाला काय पाहिजे?"

तेव्हा माझ्याकडे नुसता राग होता, त्याचं काय करायचं ते ठरलं नव्हतं.

ते ठरलं आमच्या स्वयंपाकघरात. मी पोळ्या करत होते आणि मुलगी ओट्याला टेकून आपली वाक्यं पाठ करत होती. "आई, मला मारू नका. मी... मी पाणी आणते." ती अडखळली आणि थांबली.

"ही असं का करते?" तिनं विचारलं.

"कोण?"

"ही सावत्र आई. मतलब, वजह क्या है? एकदम रानात का पाठवते? घरात काम कोण करणार मग?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि वहिनींना तर नाहीच. मी म्हटलं, "तूच सांग. काहून पाठवत असेल?"

तिनं बराच विचार केला. खालच्या घरमालकिणीकडे काम करणाऱ्या बाईची मुलगी तिच्याच वयाची होती. आखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं लग्न लावून तिला सासरच्या गावी धाडलं होतं. मुलगी म्हणाली, "समजा, तिच्या बाबांनी तिची शादी ठरवली. बुढ्ढ्या सावकाराशी. उद्या वरात येणार. मग आई तिला भगवून देते. जोरात ओरडते, म्हणजे लोकांना वाटतं, हाकललं. शक नाही येत."

"आणि शेजारीण?"

"शेजारीण फक्त ओरडणं ऐकते. और सबको बता देती है."

पोळी तव्यावर करपली. मी तशीच उभी होते. माझ्या मनात जे इतके दिवस नुसतं जळत होतं, त्याला त्या पोरीनं चूल मांडून दिली.

दुसऱ्या दिवशी मी पेटीवाल्या सरांना गाठलं आणि म्हटलं, "मला काय पाहिजे ते आता सांगते." त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "कोणत्या पट्टीत?" बस. तालमीला आम्ही तिघं जुनंच नाटक करत राहिलो. आमच्या घरी दार लावून नवं शेवटचं गाणं बसवत राहिलो. ह्यांनी एकदा ऐकलं. म्हणाले, "म्हणजे आता बाप व्हिलन झाला?"

मुलगी म्हणाली, "पापा, आप स्टेज पे हो ही नहीं."

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. पुढच्या रांगेत अधिकारी मंडळी आणि त्यांच्या सौभाग्यवती, मागे पोरंसोरं. वहिनी डाळिंबी इरकली नेसून, नथ घालून प्रेमळ शेजारीण झाल्या होत्या. विंगेत लगद्याचा, पिवळ्या डोळ्यांचा घुबडाचा मुखवटा ठेवला होता. शेवटी वनदेवी शाप देणार आणि तो मुखवटा माझ्या तोंडावर चढणार, अशी योजना होती.

शेवटच्या प्रवेशापर्यंत सगळं वहिनींच्या मनासारखं झालं. मी पोरीला ढकललं, पहिल्या रांगेतून "अगं बाई" असं ऐकू आलं. मी आणखी जोरात ढकललं. मग पोर रानातून परत आली, वहिनी हात पसरून म्हणाल्या, "ये बाळा, माझ्याकडे ये. तुझं या घरात कोण आहे?" इथं पोरीनं धावत जायचं होतं.

पोर जागची हलली नाही. पेटीचा सूर बदलला. आणि मी माझ्या खऱ्या आवाजात, वरच्या षड्जावर गाऊ लागले:

सांग शेजारणी, सांग गं बाई,
तापाच्या दिवसांत होतीस कुठं?
कढत पेजेची वाटी धरून
बसली होती ती चेटकीण इथं.

वहिनींचे हात तसेच पसरलेले. त्यांना वाटलं मी चुकले. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हे नाही." मी त्यांच्याभोवती फेरी घेतली. स्टेजवरून त्यांना जाता येईना, कारण पुढे सगळं मंडळ बसलेलं.

गावाला दिसली माझीच जीभ,
हात कुणाला दिसला नाही;
रानात धाडली वाचावी म्हणून,
गोष्टीत एवढं लिहिलं नाही.

मग पोरीनं सावकाराची गोष्ट सांगितली. अडखळत, अर्धी हिंदीत, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी. सांगून झाल्यावर ती वहिनींकडे वळली. पुढचं वाक्य आम्ही बसवलेलं नव्हतं. ते तिचं तिनं घेतलं. "काकू, तुम्ही घरी आला होता. दुधी बघितला. पण मला काय झालंय, ते पूछा नहीं."

मागच्या रांगेत एक बाई फिसकन हसली आणि एकदम गप्प झाली. तिला कळलं होतं. आता हळूहळू सगळ्यांनाच कळत होतं. माना वळत होत्या. वहिनींनी नथ सावरली, तोंड उघडलं, पण स्वतः लिहिलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. मी विंगेत हात घातला, घुबडाचा मुखवटा काढला आणि दोन्ही हातांनी, वाण द्यावं तसा, त्यांच्या हातात दिला.

"घ्या बाप्पा," मी म्हटलं. "मी तर कधीची वाट पाहून राहिले होते."

त्यांनी तो घेतला. बाईचे हातच पुढे आले, सवयीनं. पिवळे डोळे प्रेक्षकांकडे, आणि त्यांच्यावर वहिनींचा चेहरा. पडदा ओढणाऱ्याला काही सुचेना, म्हणून ते चित्र बराच वेळ तसंच राहिलं. एवढं गोड काही मी आयुष्यात खाल्लं नाही.

टाळ्या आधी पोरांनी वाजवल्या, मग मोठ्यांनी. विंगेत वहिनींनी मला गाठलं. डोळे भरलेले होते. "ती माझी मैत्रीण होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय कळणार? आणि एवढ्याशा पोरीला वापरलंत तुम्ही माझ्याविरुद्ध."

"आजारी होती तेव्हा तुम्ही वापरली," मी म्हटलं. "मैत्रिणीची लेक होती ना? मग वाटी धरायला यायचं होतं."

मैत्रिणीचं दुःख त्यांना असेल. मी नाही म्हणत नाही. पण आपलं दुःख दुसऱ्या बाईच्या अंगावर ओतायचा हक्क त्यांना कुणी दिला नव्हता.

स्कूटरवर मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. हे चार दिवस तोंड फुगवून होते. ऑफिसात साहेबांच्या बायकोनं "फारच वेगळं नाटक" म्हटल्यावर निवळले. घरी मुलगी म्हणाली, "तुम्ही बहुत अच्छा गाया. मतलब, छान." ती मला तुम्हीच म्हणायची. अजून म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही.

मंडळाची बैठक झाली. शिस्तीचं, संमतीचं बरंच बोलणं झालं. व्हिडिओ काढला होता, पण त्या वर्षी कुणाला सीडी वाटली नाही. करून राहिले, येऊन राहिले मात्र बंद झालं. बायका मला घरी बोलवू लागल्या. ज्या हसल्या होत्या त्यांच्याकडे मी गेले नाही. बाकीच्यांकडे गेले.

दोन वर्षांनी आमची भोपाळला बदली झाली. श्रावण होता. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींच्या ड्रायव्हरनं घेवर मिठाईचा मोठा डबा आणून दिला. वर चिठ्ठी नाही, पण निरोप होता, "मॅडम ने कहा है, पुरानी बातें भूल जाइए."

"मॅडमना सांगा, डबा मिळाला," मी म्हटलं. तो वाट बघत उभा राहिला. मी दार लावून घेतलं.

घेवर मी तसाच खाली नेऊन घरमालकिणीला दिला. चांगला ताजा होता, मलईचा, असं ती संध्याकाळी म्हणाली.