टेलरबाईंची दाढ

दाढ दुखत होती टेलरबाईंची, पण पहिल्या दिवशी त्यांनी 'आ' करायला लावला तो मुलीला. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात टॉर्च मारून त्यांनी एकेक दात तपासला. सगळे ठणठणीत निघाले, तेव्हा कुठे त्यांना स्वतःच्या दाढेकडे बघायला सवड झाली. मुलगी शिंकली तरी दोन डॉक्टरांचं मत घेणाऱ्या बाई स्वतःसाठी मात्र 'बघू उद्या' या एकाच औषधावर होत्या.

त्या औषधावर आठ दिवस गेले. टेलरबाई हे नाव गल्लीने दिलेलं. तशा त्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर. लवंगेच्या झाडाचं शास्त्रीय नाव त्यांना अजून तोंडपाठ होतं. लवंगेचं तेल लावताना ते त्यांनी दोनदा मनात म्हटलंही. दाढेने त्याची काडीइतकी दखल घेतली नाही.

पुढच्या खोलीत दोन मशिनी, कापायचं टेबल आणि शाळेच्या बँडचे अठ्ठावीस कोट. कोट दहा दिवसांत द्यायचे होते आणि बाईंचा डावा गाल उशीसारखा फुगला होता.

"उपटून टाक गं," काजं-बटणं करायला येणाऱ्या मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "माझे बघ. सगळे काढले. आता ते वाटीत झोपतात, मी पलंगावर. भांडण नाही, तंटा नाही."

"आई, रूट कॅनल कर," मुलगी म्हणाली. "चांगली दाढ कशाला घालवतेस?"

"तीनदा जायचं आणि तीनदा सुई टोचून घ्यायची! त्यापेक्षा एक घाव दोन तुकडे. काढूनच टाकते."

"दिवसाला हजार वेळा सुई टोचतेस तू!"

"मी टोचते गं. मला कोण टोचतं?"

यावर मावशी इतक्या हसल्या की त्यांना कवळी सावरावी लागली.

शेवटी दाढ काढायची हे बाईंनी ठरवलं, आणि ठरवलं की लगेच नवी काळजी लागली. डॉक्टरांनी चुकून भलतीच काढली तर? एकदा एका गिऱ्हाइकाची डावी बाही आखूड करायची होती. घाईत खूण केली नाही आणि कात्री उजवीवर चालली. तेव्हापासून खडूची खूण केल्याशिवाय बाई रुमालसुद्धा कापत नसत. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, बोटाने चाचपून ठणका कुठे आहे ते पाहिलं आणि गालावर, खालच्या जबड्यापाशी, निळ्या खडूने नीट फुली मारली. भोवती गोलही काढला.

"आई, तू अशी बाहेर येणार?"

"ओढणी आहे ना!"

दवाखान्यात ओढणी काढावीच लागली. डॉक्टर तरुण होत्या, केस वर बांधलेल्या. "काकू, गालाला काय लागलंय?"

"खूण आहे. कापायच्या आधी मी करतेच. हीच काढायची, दुसरी नको."

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

डॉक्टरांनी खूण केलेल्या दाढेवर एका छोट्या दांडीने टकटक केलं. काही नाही. शेजारची, तीही गप्प. मग सहज वर गेल्या, मागच्या दाढेला हलकेच टकटक केलं, आणि बाई खुर्चीतून वीतभर वर उडाल्या. एक्स-रे काढला. वरच्या दाढेच्या मुळाशी काळा ठिपका दिसत होता.

"दुखतंय वर, जाणवतंय खाली. होतं असं. खालची खणखणीत आहे, काकू."

"म्हणजे मी चांगली दाढ काढून द्यायला आले होते?"

"हो. खूण मात्र फार रेखीव केलीत."

आता पुन्हा पहिल्यापासून ठरवणं आलं. डॉक्टर म्हणाल्या, "आतली नस मेलीय, टोकाला पू झालाय. पण मूळ घट्ट आहे, दाढ वाचेल. आज पू काढते, मग आणखी दोनदा यायचं. काढायची असेल तर काढूही. फक्त ज्या खालच्या दाढेला तुम्ही फुली मारलीत, तिला मग चावायला जोडीदार उरणार नाही."

बाईंना त्या बिचाऱ्या दाढेची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या आईची असती तर काय केलं असतंत?"

"माझी आई इथे पायच ठेवत नाही. म्हणते, तुझ्या हाताला धार फार."

"बरोबर आहे त्यांचं," असं म्हणून बाईंनी डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं. "वाचवा."

भूल दिली तेव्हा त्या ओरडल्या; मुलीच्या मते सुई टोचायच्या दोन सेकंद आधीच. पू निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं.

दुसऱ्या दिवशी ठणका गायब झाला. चौथ्या दिवशी सूजही उतरली. पुढची तारीख पाचव्या दिवशीची होती, आणि अजून अकरा कोट कापायचे राहिले होते. बाईंनी मावशींना म्हटलं, "आता दुखत तर नाहीये. कोट झाले की जाईन सावकाश."

"सोड की," मावशी म्हणाल्या. "दुखेल तेव्हा बघू."

मुलगी उठली. तिने बँडमधल्या ढोलवाल्याचा कोट टेबलावरून उचलला. ट्रायलसाठी तो कच्च्या टाक्यांवर जोडलेला होता. तिने तो अंगात घातला आणि दाराकडे निघाली.

"अगं, कुठे? तो कच्चा आहे! हात वर केलास की बगलेत उसवेल!"

"दिसायला तर छान दिसतोय," मुलगी म्हणाली. "उसवेल तेव्हा बघू."

 गेली वीस वर्षं, कच्च्या टाक्यांवर कपडा घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकांवर सगळ्यात जास्त बाईच डाफरल्या होत्या.

"काढ तो," त्या म्हणाल्या. "आणि दवाखान्यात फोन लाव. सकाळची वेळ मिळते का विचार. दुपारी मला बाह्या लावायच्यात."