काजव्यांसाठी हॅलोजन

तुम्ही दोघं जूनमध्ये ऊर्जानगरला येणार म्हटल्यावर काजवे दाखवायचं मी फोनवरच कबूल करून बसले. आमच्या क्वार्टरमागे, नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर ते दरवर्षी लगडतात. धाकट्याने विचारलं, "आजी, खरेच की गोष्टीतले?" आता ते दाखवणं भागच होतं.

शेजारचे भाऊ वीज केंद्रातून निवृत्त झालेले. जन्मभर उजेड पुरवलेल्या माणसाला पाहुणचारही उजेडानेच करावासा वाटणार. तुम्ही येण्याआधीच ते शिडी आणि हॅलोजन घेऊन हजर.

"बाई, पोरं येऊन राह्यले ना? इतक्या अंधारात जुगनू कसे दिसतीन त्याहिले?"

मी इंग्रजीतून प्राणिशास्त्र शिकलेली बाई, काजव्यांना अंधारच लागतो हे मला ठाऊक. पण दर ईदेला ज्यांच्या घरून शीरखुर्मा येतो, त्यांना शिडीवरून उतरा कसं म्हणणार? मी चहा ठेवला.

हॅलोजन थेट झाडावर. त्याच्याभोवती किड्यांची झुंबड, खाली बेडकांची पंगत. काजवे मात्र दिसेनात. जोडीदाराला बोलवायला ते लुकलुकतात. एवढ्या झगमगाटात कोणाला कोण दिसणार? झाडावरचं घुबडही बिऱ्हाड हलवून गेलं.

तुम्ही आलात. रोज संध्याकाळी मागच्या दारी खुर्च्या टाकून आपण एक लख्ख उजळलेलं झाड पाहत बसलो. "गोष्टीतलेच होते," धाकट्याने निकाल दिला.

जायच्या आदल्या संध्याकाळी भाऊंनीच भिंतीवरून एक तपकिरी किडा उचलून आणला. "हा घ्या जुगनू!"

"हा? हे तर झुरळ आहे," धाकटा म्हणाला.

मी दोरीवरची चादर ओढून आपल्या चौघांच्या डोक्यावर घेतली. भाऊंच्या तळहातावर हिरवट उजेड उमटला, विझला, पुन्हा उमटला.

"अरे, हा तर चालू हाय!" भाऊ म्हणाले. चादरीबाहेर येऊन त्यांनी हॅलोजनकडे जरा रागानेच पाहिलं आणि बटण बंद केलं.

लगेच समोरच्या बिल्डिंगमधून बाईचा आवाज आला, "भाऊ, लाईट काऊन बंद केला? बिबट येईन ना!"

"थांब ना बाई जराशी! पोरं पाहून राह्यले!"

झाडावर एक ठिपका लुकलुकला. मग दुसरा. धाकट्याने माझा हात धरला आणि कुजबुजला, "आजी, खरे आहेत."

आता दर जूनमध्ये भाऊ संध्याकाळी त्या हॅलोजनचं शटडाउन घेतात. समोरच्या बाई अजून भांडतात. मी चहा ठेवते.