फायबरचा पत्रा

माझ्या बायकोला गावात बटनवाली म्हणत. कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीकडं बघायची. दिवसा बल्ब चालू दिसला की बटन बंद करायची, मग बसायची आणि मग विचारायची, "काय चाललंय?" एकदा दळण घेऊन गिरणीत गेली. बल्बचं म्हणून दाबलं ते बटन गिरणीचंच निघालं. कुणाची तरी ज्वारी जात्यात अर्धीच अडकली. गिरणीवाल्यानं हात जोडले. "काकू, तुमी दारातच थांबत जा. दळण मी घरी पोचवतो."

श्रीगोंद्याच्या अलीकडं आमचं गाव. बचत गटाच्या बायांनी मिळून किराणा दुकान काढलं आणि चालवायला हिला बसवलं. मी जन्मभर लोकांच्या घरांवर पत्रे ठोकले, दुकानाचेही मीच ठोकले. शाळा तिची चौथी, माझी दुसरी. दोन इयत्तांपेक्षा लई जास्त कळायचं तिला. हे तिच्या तोंडावर मी कधी म्हणालो नाही.

दुकानात प्लास्टिकची पिशवी मिळायची नाही. तेलाला किटली आणा, डाळीला फडकं आणा. नवऱ्यालाही सूट नव्हती. मी रिकाम्या हातानं गेलो तर म्हणाली, "टोपी काढा." आणि सगळ्या बायांदेखत शेंगदाणे टोपीत ओतले. बोडक्या डोक्यानं गावातून घरी आलो. तेव्हापासून माझ्या खिशात पिशवी असते. आजही आहे. विचारणारं कोणी नाही.

एका उन्हाळ्यात थंड बाटल्या विकणारा एक जण काचेच्या दाराचा फ्रिज टेम्पोत घालून आला. म्हणाला, फ्रिज फुकट, फक्त आमच्याच बाटल्या ठेवायच्या. बाया खूश. ही म्हणाली, "म्हैस तुमची, वैरन आमची, अन् दूध बी तुमालाच? न्या माघारी." बाया आठ दिवस हिच्याशी धड बोलल्या नाहीत. एकीनं टोमणा मारला, "आता गिऱ्हाईक आपल्या दुकानात माश्या मारायला येनार व्हय?" हिनं दारात माठ मांडला, कोथिंबीर ओल्या पोत्यावर ठेवली. लोक माठाचं पाणी प्यायला थांबायचे आणि जाताना मीठ-मिरची न्यायचे.

पण दुकानाला खिडकी नव्हती. भर दुपारी आत बल्ब लागायचा. बाया चिडवायच्या, "गावाचे बल्ब विझवती अन् सवता बल्बाखाली बसती." ते तिला फार लागायचं.

"अहो, वरचा एक पत्रा काढा अन् तिथं फायबरचा टाका. आत उजेड येईल."

"टाकू की."

पत्रा तिनं स्वतः श्रीगोंद्याहून आणला. तीन वर्षं तो आमच्या घरामागं सरपणावर पडून राहिला. सरपण कोरडं राहिलं, एवढाच त्याचा उपयोग झाला. परक्याचं काम असतं तर दुसऱ्या दिवशी शिडी लावली असती. घरच्या माणसाचं काम कुठं पळून जातंय, असं वाटायचं. माणूसच जाईल हे डोक्यात आलं नाही.

यंदा माघात तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आवाज पार खोल गेलेला. तरी विचारलं, "पत्रा टाकला का?"

"टाकला."

"उजेड पडतो का?"

"पडतो की."

डोळे मिटून हसली. दुसऱ्या दिवशी गेली. मी खोटं बोललो. त्याला दुसरं नाव नाही.

दहावा झाला आणि अकराव्या दिवशी मी दुकानाला शिडी लावली. बाया खालून ओरडत होत्या, "बाबा, उतरा! ह्या वयात हाडं मोडून घेता का?" काम अर्ध्या तासाचं होतं. अर्ध्या तासाला मी तीन वर्षं लावली.

खाली उतरून आत गेलो. उजेड तागडीवर पडला होता, तिच्या स्टुलावर पडला होता. बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. बल्ब जळतच होता. एवढ्या उजेडात तो कुणाच्या ध्यानातच आला नाही. मी गेलो आणि बटन बंद केलं.

"पडतो की," मी म्हणालो.

स्टुलावर कोणी नव्हतं.