युद्धकैद्याच्या गोष्टीत व्हिलन कोण?

“पण नलिनी, ह्यात व्हिलन कोण?” मी टाइप केलेली पानं टेबलावर टाकत फ्रँकने विचारलं.

फ्रँक माझा बॉस. न्यू जर्सीतल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेचा एडिटर. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत रशियाला शिव्या घालणारं काहीही खपायचं. म्हणून रशियन युद्धकैद्यांच्या कथांचं पुस्तक काढायची थोर कल्पना त्याला सुचली. मी पुण्यात रशियन शिकलेली, त्यामुळे ट्रान्सलेटर मी.

कथा होती स्तेपान इग्नातिच या म्हाताऱ्या लेखकाची. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः जर्मनांच्या कैदेत होते. आता ब्रुकलिनला मुलीकडे राहत. कथेतला सैनिक एका जर्मन गार्डने दिलेल्या बटाट्यावर कैदेत जगतो, सुटून परत येतो, तर त्याचाच अधिकारी विचारतो, “तू जिवंत कसा?” आणि त्याला सायबेरियात धाडतो.

“स्वतःच्याच माणसाला?”

मी समजावलं. शत्रूच्या हाती जिवंत सापडणं म्हणजे तिथे तेव्हा गद्दारी. त्यामुळे बरीच वर्षं रशियन साहित्यात युद्धकैदी जवळजवळ नव्हतेच. पुढे आले, ते पोस्टरवरून उतरल्यासारखे. न वाकणारे, न रडणारे. भुकेला, घाबरलेला कैदी लिहायला थोडेच धजावले.

फ्रँक खूश. “ग्रेट! मग रशियन ऑफिसर व्हिलन. फक्त तो बटाटा देणारा जर्मन गार्ड कट कर. रीडर कन्फ्यूज होतो.”

“लेखकाला विचारावं लागेल.”

“विचार ना. आता तो फ्री कंट्रीत आहे.”

स्तेपान इग्नातिच कोट-टाय घालून ऑफिसात आले. मी त्यांना रशियनमध्ये सगळं सांगितलं.

“मॉस्कोच्या एडिटरला आमचा अधिकारी नको होता,” ते म्हणाले. “यांना जर्मन नको. नलिनी, त्या बटाट्यावर मी जगलो. तो काढला, तर मी जिवंत कसा, याचं उत्तर काय देऊ?”

मी ते फ्रँकला सांगितलं.

“अरे, एक बटाटा तर आहे!”

एवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. त्यांनी पानं उचलून पिशवीत ठेवली, माझा हात हातात घेतला आणि निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पुस्तकावर माझं नाव नको,” मी फ्रँकला म्हटलं.

“ओके. तसंही तुझं आडनाव कुणाला स्पेल करता आलं नसतं.”

पुस्तक आलं. ब्लर्बमध्ये, म्हणजे पाठीवरच्या जाहिरातीत, छापलं होतं: ‘सेन्सॉर न झालेला रशिया.’ आतल्या एकाही लेखकाने कैद पाहिलेली नव्हती.

मी शिकले ते एवढंच. गोष्ट कापायला तिकडे अख्खं सरकार लागतं. इकडे मार्केटिंग डिपार्टमेंट पुरतं.